साक्षात्कार, संमती आणि न्यायासन

न्यायनिर्णय हा पक्षकारांपुरता असतो, अशी एक समजूत वकिलीच्या धंद्याबाहेरील सुशिक्षितांत आढळते. वस्तुतः काही निर्णय असे असतात की, ज्या भांडणातून ते उपजले ते भांडण लोक विसरून जातात, वादी-प्रतिवादी काळाआड होतात, आणि निर्णयातील चार विधाने मात्र देशोदेशींच्या न्यायालयांत पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहतात. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८७९ साली जॉर्ज रेनॉल्ड्स नावाच्या एका मॉर्मन गृहस्थाविरुद्ध दिलेला निर्णय हा अशांपैकी एक होय. धर्माज्ञा म्हणून दुसरी बायको केली, तर राज्याचा कायदा आड येऊ शकतो काय, हा त्यातील प्रश्न. येऊ शकतो, हे त्याचे उत्तर. हे उत्तर प्रस्तुत लेखकास मान्य आहे. परंतु उत्तर बरोबर आले म्हणजे गणिताची रीतही बरोबरच असते असे नाही, हे शाळकरी मुलासही ठाऊक असते. त्या रीतीचे परीक्षण करावे, एवढाच या लेखाचा हेतू.

या मासिकाच्या वाचकांनी सातासमुद्रापलीकडच्या एका पंथाच्या गृहस्थितीत मन का घालावे, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, त्या निर्णयात आपल्याकडील सतीची चाल साक्षीदार म्हणून उभी केलेली आहे. आणि तेथील तत्त्वे उसनी घेऊन आपल्याकडील न्यायालयांनीही हिंदूंच्या विवाहासंबंधी व मठांसंबंधी विचार केलेला आहे. ज्या न्यायासनापुढे आपली रूढी एकदा न विचारता उभी केली गेली, त्याची भाषा तपासून पाहण्याचा आपणांस अधिकार आहे.

१

आधी मूळ धर्मवचनाकडे वळू. जोसेफ स्मिथ (१८०५–१८४४) या तरुणाने १८३० साली न्यूयॉर्क राज्यात हा पंथ स्थापिला. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या ‘बुक ऑफ मॉर्मन’ या ग्रंथावरून अनुयायांस मॉर्मन हे नाव पडले. पंथ स्वतःस येशू ख्रिस्ताचे उत्तरकालीन संतांचे चर्च म्हणवितो, आणि २०१८ पासून त्याचे धुरीण मॉर्मन हे लौकिक नाव टाळावे असा आग्रह धरतात. परंतु इतिहासात रूढ झालेले नावच येथे सोयीसाठी घेतले आहे.

आश्चर्य असे की, त्या मूळ ग्रंथात बहुपत्नीकत्वाचा पुरस्कार नसून निषेध आहे. दावीद आणि शलमोन या राजांनी पुष्कळ बायका केल्या, हे देवास अमंगळ वाटले, असे तेथे याकोब नावाच्या एका उपदेशकाच्या तोंडी आहे. मात्र प्रजावृद्धीसाठी देवाने स्वतः आज्ञा केली तर गोष्ट निराळी, अशी एक फट तेथे ठेवलेली आहे. कायद्याच्या मसुद्यात अपवादाचे कलम किती जपून वाचावे लागते, हे आम्हां वकिलांस ठाऊक आहे. या पंथाचा पुढील अर्धशतकाचा इतिहास त्या एका अपवादातून बाहेर पडला.

जुलै १८४३ मध्ये इलिनॉय राज्यातील नॉवू या गावी स्मिथने एक साक्षात्कार लेखनिकाकडून लिहवून घेतला. पंथाच्या ‘डॉक्ट्रिन अँड कव्हनंट्स’ या संग्रहात तो १३२ वा प्रकरण म्हणून आजही आहे. त्यातील पहिला विचार खरोखर उदात्त आहे. योग्य अधिकाराने बांधलेली विवाहगाठ मृत्यूने सुटत नाही, ती परलोकीही टिकते, असा तो विचार. जन्मोजन्मीच्या सोबतीची प्रार्थना करणाऱ्या हिंदू मनास तो परका वाटण्याचे कारण नाही. परंतु पुढे त्याच प्रकरणात पुरुषास एकाहून अधिक स्त्रिया अशाच शाश्वत गाठीने बांधता येतील असे सांगितले आहे, आणि तेथे टीकाकाराने थांबणे अवश्य आहे.

या वचनात संमतीचे एक कलम आहे. पहिल्या पत्नीने मान्यता द्यावी, मग पुरुषाने दुसरी कुमारिका वरावी, असे ते म्हणते. येथवर वाचून एखाद्यास वाटेल की, स्त्रीच्या मनाची बूज राखली गेली. पण पुढे वाचावे. पत्नीला हा नियम समजावून सांगितल्यावरही ती मान्य न करील, तर दोष तिचा ठरतो. नवरा तिच्या मान्यतेच्या बंधनातून मोकळा होतो. आणि नाकारणारीचा नाश होईल अशी धमकी देवाच्या मुखाने दिलेली आहे. स्मिथची पत्नी एमा हिला तर या प्रकरणात नाव घेऊन बजाविले आहे. ‘हो’ म्हटले तर विवाह होतो आणि ‘नाही’ म्हटले तरी विवाह होतोच, अशा संमतीला कोणत्याही कायदेशास्त्रात संमती म्हणत नाहीत. तिला फार तर सूचनापत्र म्हणावे.

दुसरा दोष वाङ्मयीन आहे, पण तो त्याहून लहान नाही. हे वचन अब्राहामाचा दाखला देते. साराने आपली दासी हागार नवऱ्यास दिली, कारण तसा नियमच होता, एवढे सांगून ते पुढे सरकते. परंतु बायबलातील मूळ कथा तेवढ्यावर थांबत नाही. दोघींतील मत्सर, हागारेची हकालपट्टी, वाळवंटात पाण्यावाचून तडफडणारे मूल आणि त्याचा अंत पाहवेना म्हणून दूर जाऊन बसलेली आई, हे सर्व त्या जुन्या कथाकाराने लपविले नाही. आपल्याकडेही असेच आहे. दशरथाला तीन राण्या होत्या हे रामायण सांगते, आणि त्या घराची किंमत कैकेयीच्या महालात कशी मोजावी लागली हेही सांगते. उत्तानपादाच्या मांडीवरून उठविलेला ध्रुव पुराणकार विसरत नाहीत. जुन्या ग्रंथांनी बहुपत्नीकत्व पाहिले आणि त्याचे दुःखही नोंदविले. १८४३ च्या वचनाने दाखला उचलला आणि दुःख मागे ठेवले. धर्मग्रंथ म्हणून त्याचे मोल काय, हे त्याच्या अनुयायांनी ठरवावे. साधन म्हणून जुन्या कथेचा त्याने केलेला वापर एकांगी आहे, एवढे कोणत्याही वाचकास म्हणता येईल.

२

हे वचन नऊ वर्षे गुप्त राहिले. आत आचरण आणि बाहेर इन्कार, अशी त्या काळातील स्थिती होती. जून १८४४ मध्ये पंथातील काही असंतुष्टांनी ‘नॉवू एक्स्पॉझिटर’ नावाचे पत्र काढून तिचा बभ्रा केला. त्याचा एकच अंक निघाला. नगराध्यक्ष या नात्याने स्मिथने व नगरसभेने छापखाना मोडविला. त्यावरून तो कार्थेज येथील तुरुंगात गेला आणि २७ जून १८४४ रोजी तेथे चालून आलेल्या जमावाने त्याला ठार मारले. २०१४ साली पंथाने स्वतःच प्रसिद्ध केलेल्या निबंधात, स्मिथने तीस ते चाळीस स्त्रियांशी असे विवाह केले असावेत, त्यांपैकी काही आधीच विवाहित होत्या व एक मुलगी पंधरा वर्षांचीही पूर्ण झालेली नव्हती, हे मान्य केले आहे. एवढी गोष्ट उघड म्हणण्यास पंथास १७० वर्षे लागली.

स्मिथनंतर ब्रिगॅम यंग याच्या नेतृत्वाखाली अनुयायी पश्चिमेकडे निघाले आणि जुलै १८४७ मध्ये सॉल्ट लेकच्या खोऱ्यात उतरले. तेथे २९ ऑगस्ट १८५२ रोजी ऑर्सन प्रॅट याने जाहीर सभेत हा आचार उघडपणे मांडला. सर्वच मॉर्मन पुरुष बहुपत्नीक होते हा समज खोटा आहे; बहुसंख्य कुटुंबे एकपत्नीकच होती. परंतु पुढाऱ्यांत हा आचार रूढ होता. यंगच्या विवाहांची संख्या पन्नासाच्या वर सांगतात.

या स्त्रिया मुक्या होत्या काय? मुळीच नाही. एमेलाइन वेल्स ही स्वतः बहुपत्नीक कुटुंबातील स्त्री ‘वूमन्स एक्स्पोनंट’ या स्त्रियांच्या पत्राची १८७७ पासून संपादिका होती, आणि ती मताधिकाराचीही पुरस्कर्ती होती. उलट, यंगची एक पत्नी ॲन एलायझा हिने १८७३ मध्ये घटस्फोटाचा दावा लावून पुढे गावोगाव व्याख्याने दिली. तिच्या दाव्यातील कैफियत वकिलांनी मुद्दाम वाचण्याजोगी आहे. यंगने उत्तर दिले की, माझा कायदेशीर विवाह मेरी ॲन एंजल हिच्याशी फार पूर्वीच झालेला आहे. सबब ही वादी माझी कायदेशीर पत्नी असूच शकत नाही. ज्या विवाहास व्यासपीठावरून ईश्वरी आज्ञा म्हणून गौरविले, तोच विवाह पोटगीचा प्रश्न येताच न्यायालयात विवाहच नव्हता असे ठरले! १८७७ मध्ये तो संबंध अवैध ठरवून दावा संपविण्यात आला. देवापुढे पत्नी आणि न्यायाधीशापुढे कोणी नाही, ही तिची खरी स्थिती होती, आणि ती तशी ठेवण्यात पंथ व राज्य या दोघांचाही हात होता.

३

आता १८७९ च्या निर्णयाकडे येऊ. १८६२ साली लिंकनच्या सहीने बहुविवाहविरोधी कायदा झाला होता. यादवी युद्धामुळे व युटातील ज्यूरी मॉर्मनच असल्यामुळे तो बराच काळ कागदावर राहिला. १८७४ च्या कायद्याने तेथील न्यायव्यवस्था बदलली. त्यानंतर कायद्याच्या वैधतेचा एकदाच निकाल लागावा म्हणून यंगचा चिटणीस जॉर्ज रेनॉल्ड्स याचा खटला पुढे आला. मेरी ॲन टडनहॅम ही पहिली पत्नी हयात असताना त्याने १८७४ मध्ये अमीलिया जेन स्कोफील्ड हिच्याशी विवाह केला होता. शिक्षा झाली: दोन वर्षे कैद आणि पाचशे डॉलर दंड.

मुख्य न्यायाधीश मॉरिसन वेट यांचे निवेदन तीन पायऱ्यांनी चढते. पहिली पायरी इतिहासाची: घटनादुरुस्तीतील धर्मस्वातंत्र्याचा अर्थ ठरविण्यासाठी ते व्हर्जिनियातील मॅडिसनचा लढा आणि जेफर्सनने १८०२ साली लिहिलेले पत्र पुढे ठेवतात, व त्यातून श्रद्धा आणि आचरण यांत रेषा ओढतात. श्रद्धेवर राज्याचा अधिकार नाही; आचरणावर आहे. दुसरी पायरी समाजाची: विवाह हा पवित्र असला तरी दिवाणी करार आहे, आणि त्याच्या घडणीवर राज्याची घडण अवलंबून असते. तिसरी पायरी दृष्टान्ताची: कोणी नरबळी धर्म म्हणून दिला, किंवा विधवेने पतीच्या चितेवर जळणे धर्म मानले, तर राज्याने पाहत राहावे काय?

पहिली पायरी भक्कम आहे. तिच्यावाचून कोणतेही राज्य चालणार नाही. प्रत्येक मनुष्य आपल्यापुरता कायदा होईल, हे वेट यांचे म्हणणे बिनतोड आहे. परंतु दुसऱ्या पायरीवर त्यांनी जो दगड बसविला तो कच्चा आहे. बहुपत्नीकत्व युरोपच्या उत्तरेकडील व पश्चिमेकडील राष्ट्रांस नेहमीच तिरस्करणीय वाटत आले, आणि मॉर्मनांपूर्वी ते बहुतांशी आशियाई व आफ्रिकी लोकांचे वैशिष्ट्य होते, असे ते सांगतात. हे विधान खरे की खोटे हा प्रश्नच नाही. ते येथे पुरावा म्हणून कसे चालले, हा प्रश्न आहे. एखादी चाल आशियात होती म्हणून ती वाईट, हा न्याय नव्हे, ही केवळ आवडनिवड झाली. उद्या याच मापाने मूर्तिपूजा मोजली, तर काय उत्तर येईल?

तिसऱ्या पायरीवरील सतीचा दृष्टान्त अधिक सूक्ष्मपणे चुकतो. बेंटिंकने १८२९ मध्ये बंगालात सतीबंदी केली आणि राममोहन रायांसारख्या हिंदूंनी तिचा आतून पुरस्कार केला. त्या चालीचे समर्थन करण्याची आज कोणास इच्छा नाही. परंतु सतीत एका जिवाचा अंत होतो. दुसरी बायको करणे वाईट आहे असे मानले, तरी ते मनुष्यवध नव्हे. टोकाचे उदाहरण घेऊन रेषा असते एवढे सिद्ध होते. रेषा कोठे असते ते सिद्ध होत नाही. नरबळी आणि रेनॉल्ड्सचे घर यांच्यामध्ये जो विस्तीर्ण प्रदेश पसरला आहे, त्यात विवाह नेमका कोठे बसतो, हे सांगण्याची जबाबदारी निर्णयकर्त्याची होती. ती त्यांनी पार पाडली नाही.

आणि जेथे ते उत्तर सहज सापडले असते, तेथे त्यांनी पाहिलेच नाही. अमीलिया ही या खटल्यातील अशी स्त्री आहे, जिची साक्ष दप्तरात आली. पहिल्या सुनावणीत तिने साक्ष दिली होती. दुसऱ्या सुनावणीच्या वेळी ती सापडेना, म्हणून तिची जुनी साक्ष वाचून दाखविण्यात आली. ती ग्राह्य होती की नव्हती, एवढ्याच मुद्द्यावर न्यायाधीश फील्ड यांनी भिन्न मत नोंदविले. म्हणजे तिचे शब्द लग्न झाले एवढे सिद्ध करण्यासाठी वापरले गेले. ते तिने आपखुशीने केले काय, नकार देणे तिला शक्य होते काय, हा प्रश्न कोणत्याही न्यायाधीशाच्या मनात आला नाही. खालच्या न्यायाधीशाने ज्यूरीस निरपराध स्त्रिया व बालके यांच्या हालांकडे लक्ष द्यावयास सांगितले होते, आणि वेट यांनी ते योग्यच ठरविले. स्त्री येथे कळवळ्याचा विषय आहे. मत असलेली व्यक्ती नाही.

याचे कारण त्या न्यायासनाच्या इतर लेखनात सापडते. बहुपत्नीकत्वातून पितृसत्ता आणि पितृसत्तेतून हुकूमशाही येते, असे १८७९ मध्ये सांगणाऱ्या याच वेट यांनी १८७५ साली, नागरिकत्वाबरोबर स्त्रीस मताधिकार मिळत नाही, असा निर्णय लिहिला होता. आणि त्याच काळात, १८७० पासून, युटातील स्त्रिया मतदान करीत होत्या! पितृसत्तेचे जोखड ज्यांच्या मानेवर आहे म्हणून दया दाखवावयाची, त्या मत देत होत्या. आणि दया दाखविणाऱ्यांच्या घरच्या स्त्रियांस बहुतेक राज्यांत ते मिळाले नव्हते.

४

पुढील अकरा वर्षांत या कच्च्या पायावर जे बांधले गेले त्याने हा दोष उघड केला. १८८२ च्या कायद्याने बहुपत्नीकांचा मताधिकार काढला व केवळ एकत्र राहणे हाच गुन्हा ठरविला. हजाराहून अधिक पुरुष तुरुंगात गेले. १८८७ च्या कायद्याने पंथाची नोंदलेली संस्थाच विसर्जित केली, पन्नास हजार डॉलरांवरील मालमत्ता सरकारजमा करण्याची तरतूद केली, आणि युटातील सर्व स्त्रियांचा, बहुपत्नीक असोत वा नसोत, ख्रिस्ती असोत वा अन्य, मताधिकार रद्द केला. ज्यांना सोडवावयाचे म्हणून मोहीम निघाली, त्यांच्याच हातचे मत तिने काढून घेतले. अपेक्षा अशी होती की, या स्त्रिया मत मिळताच आपल्या घरच्या चालीविरुद्ध ते देतील. त्यांनी ते दिले नाही. तेव्हा मतच नको, असे ठरले.

१८९० च्या फेब्रुवारीत आयडाहोतील खटल्यात न्यायाधीश फील्ड यांनी धर्माची एक व्याख्या केली. मनुष्याचे आपल्या कर्त्याशी जे नाते आहे त्याविषयीचे विचार आणि त्यातून येणारी कर्तव्ये, म्हणजे धर्म; पूजाविधी हा त्याहून वेगळा. आणि अशा पंथाचे नुसते सभासद असणेही मतदानास अपात्र करण्यास पुरेसे आहे, असे त्यांनी मान्य केले. ज्या श्रद्धेला १८७९ मध्ये अभय दिले, तीच आता शपथपत्राने तपासली जाऊ लागली. हा भाग टिकला नाही. केवळ पुरस्कार केल्यावरून मताधिकार काढता येतो हे मत आता कायदा नव्हे, असे त्याच न्यायालयाने १९९६ मध्ये सांगितले.

त्याच वर्षीच्या मे महिन्यात मालमत्तेच्या जप्तीस मान्यता देताना न्यायाधीश ब्रॅडली यांनी पुन्हा हिंदुस्थानाकडे बोट दाखविले. या वेळी सतीबरोबर ठगही आले. हेच ब्रॅडली १८७३ मध्ये एका स्त्रीस वकिलीची सनद नाकारताना, पत्नी व माता होणे हेच स्त्रीचे ईश्वरनियोजित कार्य, असे लिहून गेले होते.

मंदिराभोवती ज्यांचे सामाजिक जीवन गुंफलेले आहे, त्या आपल्या वाचकांना पुढील गोष्टीचे मर्म विशेष कळेल. मॉर्मनांच्या मंदिरात सर्वसाधारण उपासना होत नाही. शाश्वत विवाह आणि पितरांसाठी करावयाचे संस्कार तेथे होतात. सॉल्ट लेकचे मंदिर १८५३ पासून बांधले जात होते. जप्तीचा मार्ग मोकळा झाला, तशी मंदिरेच हातची जातात की काय ही भीती उभी राहिली. २५ सप्टेंबर १८९० रोजी पंथाध्यक्ष विल्फर्ड वुड्रफ याने जाहीरनामा काढला आणि बहुविवाह थांबविण्याचा सल्ला दिला. ६ ऑक्टोबरला सभेने तो स्वीकारला. मंदिरे व त्यांतील संस्कार राखावयाचे, की एक आचार राखून सर्वच गमवावयाचे, हे देवाने आपणांस दाखविले, असे त्याने पुढील वर्षी सांगितले. १८९३ मध्ये मंदिराचे उद्घाटन झाले, आणि १८९६ मध्ये युटास राज्याचा दर्जा मिळाला. राज्यघटनेत बहुविवाह कायमचा निषिद्ध झाला, स्त्रियांना मत परत मिळाले, आणि मार्था ह्यूज कॅनन ही डॉक्टर असलेली बहुपत्नीक घरातील स्त्री राज्याच्या वरिष्ठ सभेवर निवडून आली. त्याच निवडणुकीत तिचा नवरा उमेदवार होता, आणि तो पडला.

वुड्रफच्या जाहीरनाम्यास कोणी सोयीचा साक्षात्कार म्हणून हसतील. प्रस्तुत लेखकास तसे हसू येत नाही. देवालय वाचविण्यासाठी आचार सोडावा लागणे ही गोमंतकाच्या इतिहासाला अपरिचित गोष्ट नाही. आणि आचार वाचविण्यासाठी देव पाठीवर घेऊन सीमा ओलांडणारेही आपलेच पूर्वज होते. मात्र एक गोष्ट म्हटलीच पाहिजे. जाहीरनाम्याने आचार थांबविला, १३२ वे प्रकरण नाही. पहिली पत्नी वारल्यावर पुरुषास दुसरीशीही शाश्वत गाठ बांधता येते. हयात स्त्रीस एकाच पुरुषाशी. इहलोकीचा प्रश्न कायद्याने मिटविला, परलोकीचा पंथाने तसाच ठेवला आहे.

५

आता आपल्या घरी येऊ. मुंबई प्रांताने १९४६ साली हिंदूंतील द्विभार्या विवाहास बंदी केली. तिच्या वैधतेचा नरसू अप्पा माळी खटला १९५१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा मुख्य न्यायाधीश छागला यांनी आयडाहोच्या निर्णयाचा आधार घेऊन श्रद्धा आणि आचरण यांतील तीच रेषा पुन्हा ओढली. परंतु त्यांनी तेवढ्यावर भागविले नाही. हिंदूस पारलौकिक गतीसाठी पुत्र हवा असतो हे त्यांनी मान्य केले, आणि तोच धर्म दत्तकविधानही सांगतो, हे दाखविले. म्हणजे धर्माच्या पोटात शिरून, धर्माच्याच साधनाने, दुसऱ्या विवाहाची अनिवार्यता त्यांनी खोडून काढली. वेट यांनी मॉर्मन धर्मवचनाशी असा संवाद केलाच नाही. तो केला असता, तर त्या पंथाचा पहिला ग्रंथच बहुविवाहाचा निषेध करतो, हे त्यांच्या हाती लागले असते.

याच्या उलट चित्र गोव्यात दिसते. रेनॉल्ड्सच्या निर्णयानंतर दोन वर्षांच्या आतच, १६ डिसेंबर १८८० रोजी, पोर्तुगीज सरकारने गोव्यातील हिंदूंच्या रीतिरिवाजांची संहिता जाहीर केली. पत्नीस पंचविसाव्या वर्षापर्यंत मूलच झाले नाही, किंवा तिची तिशी उलटूनही पुत्र झाला नाही, अशा कारणांनी पुरुषास दुसऱ्या विवाहाची मुभा तिच्यात ठेवली. अमेरिकेने रूढीस परकी म्हणून झोडपले. पोर्तुगालने रूढीस परकी म्हणूनच जपून ठेवले. दोन्हींत दूरत्व तेच.

तिसरे उदाहरण १९५४ मधील शिरूर मठाच्या खटल्याचे. न्यायमूर्ती मुखर्जी यांनी फील्ड यांची धर्मव्याख्या विचारात घेतली आणि ती अपुरी ठरविली. बौद्ध व जैन हे कर्त्या ईश्वरास न मानताही धर्मच आहेत. आणि विधी, पूजा, अन्नवस्त्रांचे नियमही धर्माचे अंग असू शकतात, असे त्यांनी सांगितले. आपल्या देवस्थानांना जे संरक्षण आज आहे, त्याचा मोठा आधार ही असहमती आहे. मॉर्मनांना नाकारण्यासाठी अमेरिकेत जी व्याख्या घडली, ती मान्य झाली असती, तर आपली नैवेद्याची ताटेही धर्माबाहेर गेली असती.

परंतु आपण अभिमानाने फुगून जाऊ नये, म्हणून चौथे उदाहरणही दिले पाहिजे. १९६५ मध्ये भाऊराव लोखंडे यांच्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, होम व सप्तपदी हे आवश्यक विधी झाल्याचे सिद्ध नसल्यामुळे दुसरा विवाह कायद्याच्या दृष्टीने झालाच नाही; सबब द्विभार्येचा गुन्हाही नाही. तर्क चोख आहे. पण ॲन एलायझाला दिलेले उत्तर आठवून पाहावे. पुरुष आपलेच लग्न अपुरे होते म्हणून सुटतो, आणि त्या लग्नावर विसंबून घर सोडून आलेली स्त्री ना पत्नी ना अपत्नी, अशी मध्येच उभी राहते. सॉल्ट लेक असो की महाराष्ट्र, सप्तपदी मोजण्यात कायदा दक्ष राहिला. त्या चालताना कोणाच्या पायांत बळ होते, हे त्याने कधी विचारले नाही.

६

आचार कायद्याने मेला काय? पंथाने १९०४ पासून असा विवाह करणाऱ्यांस बहिष्कृत करण्याचे धोरण घेतले. परंतु जुन्या वचनास चिकटून राहिलेले गट फुटून निघाले. २६ जुलै १९५३ रोजी ॲरिझोना सरकारने शॉर्ट क्रीक या वस्तीवर छापा घालून दोनशेहून अधिक मुले आईबापांपासून नेली. लोकमत सरकारवरच उलटले. २००८ मध्ये टेक्ससमध्ये तसेच झाले: चारशेहून अधिक मुले नेली गेली आणि तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर परत करावी लागली. पण त्याच गटाचा पुढारी वॉरन जेफ्स यास २०११ साली अल्पवयीन मुलींवरील अत्याचाराबद्दल जन्मठेप झाली, आणि ती त्याला बहुविवाहाच्या कायद्याने झाली नाही. वय काय होते आणि जबरदस्ती झाली काय, या साध्या प्रश्नांनी झाली.

या अनुभवातूनच युटाने २०२० मध्ये कायदा बदलला. सज्ञान व्यक्तींनी स्वखुशीने असे राहणे हा आता तेथे किरकोळ अपराध आहे. परंतु धमकी, फसवणूक, बळजबरी किंवा बालकांचा छळ यांच्या जोडीने ते आले, तर शिक्षा कठोर आहे. चोरून राहणारी स्त्री पोलिसांकडे जाण्यास भिऊ नये, हा त्यामागील हेतू. वेट यांनी १८७९ मध्ये जो प्रश्न विचारावयास हवा होता, तो विचारण्यास १४१ वर्षे लागली.

मग हाच बदल आपण करावा काय? प्रस्तुत लेखकाचे मत तसे नाही. हिंदू विवाह कायद्याने १९५५ मध्ये एकपत्नीकत्व स्वीकारले ते योग्य केले. कारण जेथे नकार देणाऱ्या स्त्रीस माहेरही थारा देत नाही, तेथे तिच्या संमतीचा कागद १३२ व्या प्रकरणातील संमतीहून फार वेगळा नसतो. परंतु हे कारण स्पष्टपणे सांगितले पाहिजे. परकी चाल म्हणून, प्रगत राष्ट्रांस आवडत नाही म्हणून, किंवा सतीची बहीण म्हणून बंदी घालू नये. नकार देण्याची मोकळीक नाही म्हणून घालावी. असे कारण दिले म्हणजे कायदा पहिल्या पत्नीकडे पाहतो तसा दुसरीकडेही पाहू लागेल, आणि पुरुषाने आपलेच विधी अपुरे ठेवून निसटण्याची वाट बंद करण्याची जबाबदारी त्याच्यावर येईल.

रेनॉल्ड्स १८८१ च्या जानेवारीत सुटून घरी गेला. शिक्षेने त्याचे मत बदलले नाही. १८८५ मध्ये त्याने तिसरा विवाह केला. त्याच्या नावाचा निर्णय मात्र आजही ग्रंथांत आहे आणि वकील तो वाचतात. वाचावा. त्यातील रेषा घ्यावी, कारण ती खरी आहे. पण त्यातील दाखले घेऊ नयेत, आणि ज्या स्त्रीची जुनी साक्ष तेथे तिच्या माघारी वाचली गेली, तिला न विचारलेला प्रश्न आपल्या न्यायालयांत विचारावा.